पान दोनशे बारा

बफेलोत नोव्हेंबरात सरोवरावरून येणारा वारा
पुस्तकांच्या दुकानाचं दार आपणच उघडतो, आपणच लावतो.
मला खुर्ची मिळाली तिसऱ्या रांगेत, खांबाआड.
अडेल कॅव्हॅना वाचत होती,
सरकारी वकील असताना बोलायची तशीच:
वाक्याच्या शेवटी आवाज खाली,
म्हणजे ज्यूरीला पुढे वाकावं लागे.

लोक आताही पुढे वाकले.

एकोणीस वर्षांपूर्वी, कोर्ट क्रमांक सहामध्ये,
मी तिच्यापासून चार हातांवर बसले होते, अकरा दिवस,
लघुलेखनाच्या यंत्रावर बोटं ठेवून.
जिभेला हाड नसतं म्हणतात.
ते माझ्या बोटांत होतं.
बोललेलं सगळं उमटायचं, साक्षीदाराचं ‘हं’सुद्धा.
खोकला लिहायचा नसतो. रडणं लिहायचं नसतं.
निकाल ऐकून रॉस्को प्रूइट म्हणाला,
‘माझी गाडी खाली मीटरवर लावलीय,
कुणीतरी नाणी टाका.’
तेही लिहिलं.

नव्या कादंबरीत खून तसाच होतो, दुकानाच्या पायरीवर.
रस्त्याचं नाव बदललंय,
हिरव्या जाकिटाचं तांबडं झालंय.
तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी खिडकीतून
पळणाऱ्याचा चेहरा ओळखते, शपथेवर.
आणि पान दोनशे बारावर डिटेक्टिव्हला सापडते
नगरपालिकेच्या वीजखात्याची चिठ्ठी:
कोपऱ्यावरचा दिवा तो अख्खा आठवडा बंद होता.

तिथे मी चहा खाली ठेवला.

माझी प्रत तळघरात होती, साबणाच्या खोक्यात.
अकराशे चाळीस पानं. दोन रात्री लागल्या.
चिठ्ठी कुठेच नाही.
बचावाच्या वकिलाने विचारलंय, उजेड होता का?
म्हातारी म्हणालीय, होता, दिवा होता की.
पुढचा प्रश्न नाही.
कॅव्हॅना तेव्हा टेबलावरचा एक पिवळा कागद
हळूच पालथा घालत होती.
मी बघितलं.
पण बघितलेलं लिहायचं नसतं. ऐकलेलं तेवढंच.
या नियमावर मी घर बांधलं, पेन्शन घेतली,
दोन मुलं कॉलेजात धाडली.

सहीची रांग स्वयंपाकाच्या पुस्तकांपर्यंत गेली होती.
‘कुणासाठी?’ तिने मान वर न करता विचारलं. मग केली.
ओळखलं नाही. खुर्च्या-टेबलांना कोण ओळखतं.
‘रॉस्कोसाठी,’ मी म्हटलं.
पेन सराईतपणे गेलं, ‘प्रिय रॉस्को’.
‘आडनाव प्रूइट.’

पेन टेकलं तिथेच राहिलं.
शाई कागदात उतरत गेली,
मसुराच्या दाण्याएवढी झाली.

‘तो दिवा,’ मी विचारलं, ‘तुम्हाला कुठे मिळाला?’
‘अहो, कादंबरी आहे ती,’ ती म्हणाली,
आणि वाक्याच्या शेवटी
आवाज खाली गेला नाही.

मागचा माणूस घड्याळ बघत होता.
मी पैसे आधीच दिले होते.

तुरुंगात जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आत घेत नाहीत,
त्याची बहीण ओरा फोनवर सांगत होती.
पुठ्ठा सोडवावा लागेल, मागच्या हसऱ्या फोटोसकट.
पण रॉस्कोच्या आधी ते वकिलाकडे जायला हवं,
आणि वकिलाला नुसतं पुस्तक देऊन काय होणार,
तो म्हणेल, अहो, कादंबरी आहे ही.

म्हणून आज रात्री यंत्र काढलंय.
कळा जड झाल्यात, की बोटं, कोण जाणे.
तारीख. वेळ: सात एक्केचाळीस. हजर: दोघी.
प्रश्न लिहिला. उत्तर लिहिलं.
मधल्या गप्प राहण्याला आमच्या यंत्रात कळ नाही.
तिथे मी पहिल्यांदाच नियम मोडून घातलं:
पेन थांबलं.
मग बरीच जागा सोडून, एकोणीस वर्षं उशिरा:
पिवळा कागद. पालथा. मी बघितला.

खाली सही केली, माझी.
ओराला सकाळी फोन करायचा, आठनंतर.
ती रात्रपाळीवरून आठला येते.