दोन सेंटीमीटर

पाय जमिनीला पोचत नव्हते, तिथून सुरुवात.
अडीचशे सीसीची गाडी, वनखात्याने लिलावात काढलेली,
टाकीवर कुणी खिळ्याने कोरलेलं: येर्को.
कोण हा येर्को? उंच असणार.
मी बसले की माझ्या बुटांची टोकं हवेत.

पहिल्या रविवारी सीटचा फोम कापला,
पावाच्या सुरीने, स्वयंपाकघराच्या टेबलावर.
दुसऱ्या रविवारी मागच्या सस्पेन्शनला लांब पट्ट्या घातल्या,
पुढच्या फोर्कच्या नळ्या वर सरकवल्या.
गाडी खाली बसली. पाय टेकले.
अंगणात उभी करून येर्बाचं पाणी ठेवायला आत गेले
आणि वारा आला.
कोयाइकेचा वारा दार वाजवत नाही, ढकलतो.
गाडी बुटकी झालेली, साईड स्टँड मात्र येर्कोच्या मापाचा.
ती ताठ उभी होती, तशीच ताठ पडली
सरपणाच्या ढिगावर. उजवा आरसा गेला.

स्टँड कापायला हवा. किती?
दोन सेंटीमीटर, मी म्हटलं.
चार, कुंपणापलीकडून ओविदियो बार्रिया म्हणाले.
तीन कापला. शेजारधर्म.
मग गाडी इतकी कलली
की कार्बुरेटरच्या नळीतून पेट्रोल ठिबकू लागलं.
एक सेंटीमीटर परत जोडला. वेल्डिंगचा सांधा
मोडून बसलेल्या हाडासारखा जाडजूड.

सेरो कास्तियोच्या पुढे डांबर संपलं.
पहिल्या खड्ड्यात इंजिन बंद.
चालू केलं. खड्डा. बंद.
सपाट रस्त्यावर काही तक्रार नाही,
खडीवर मात्र उचकी.

निदान प्रत्येकाच्या खिशात तयार होतं.
ओविदियो, जन्म बोटीच्या डिझेलवर गेलेला: पेट्रोलमध्ये पाणी.
बेकरीतली ओर्तेन्सिया: प्लग. तिच्या नवऱ्याचा नेहमी प्लगच असतो.
भाचा नावेल, फोनवरून: बॅटरी, मावशी, बॅटरी.
मी टाकी उपसली. प्लग बदलला.
बॅटरीची टोकं चमचमेपर्यंत घासली.
उचकी तशीच.

रात्री चुलीपाशी वायरिंगचा नकाशा उलगडला,
बोट लाल रेघेवर ठेवलं आणि चालत गेले:
चावी, रिले, क्लच,
आणि मग अशा जागी, जिथे इंजिनाचं
काहीच काम नाही असं मी धरून चालले होते.

सकाळी गाडी ठोकळ्यावर चढवली, गिअर टाकला,
मागचं चाक हवेत गरगरत.
रबरी हातोडीने ठोकत गेले, डॉक्टर छाती ठोकून बघतात तशी.
टाकीखाली, काही नाही. सीटखाली, काही नाही.
साईड स्टँडवर एक टिचकी,
आणि शांतता.

माझ्याच वेल्डिंगच्या आचेने स्प्रिंग मऊ पडली होती.
खड्डा आला की स्टँड बोटभर लोंबायचा,
त्याच्या मुळाशी करंगळीएवढा स्विच,
त्याला वाटायचं, थांबलोय आपण.
थांबलेल्या गाडीला इंजिन कशाला?
बिचारा आपलं काम चोख करत होता.

स्विच उडव, नावेल म्हणाला.
दोन वायरी जोड, टेप मार, सगळे तेच करतात.
खरं आहे. मी वायरी सोलल्यासुद्धा.
पण चाव्या फ्रिजमध्ये विसरणारी बाई
स्टँड खाली ठेवून डाव्या वळणावर
एक ना एक दिवस जाणारच.
सोललेलं परत झाकलं.

कोंबड्यांच्या फाटकाची स्प्रिंग काढली
आणि जुनीच्या जोडीला बसवली.
अंगठ्याची साल गेली, एक शिवी गेली.
फाटक आता दोरीने बांधते.

काल खडीवर अकरा किलोमीटर. उचकी नाही.
ओविदियोंना पट्टी लावून दाखवलं:
तीन वजा एक, दोन.
ते पट्टीकडे बराच वेळ बघत राहिले.
कुठून आणलीस ही, म्हणाले.

रात्री दोरी सुटली. तीन कोंबड्या गाडीखाली झोपल्या होत्या,
वारा नव्हता लागत तिथे.