गमे, चार

साडेबाराला वहीत नाव लिहिलं: गमरे, चार.
उज्ज्वलाचं दिलं, कारण तुस्कानो तीनदा सांगावं लागतं,
आणि रेणू म्हणाली, माझं आडनाव नको.
तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.
"वीस मिनिटं," वहीवाला म्हणाला,
पेन परत कानावर खोचलं.
कान मात्र आमच्याकडे नव्हता.

गोखले रोडवरून आत वळलं की ही गल्ली.
फुटपाथवर आम्ही चौघी
आणि लाल प्लॅस्टिकचं एकच स्टूल.
गुडघे आठ, त्यातले धड तीन.
मग ठरलं, पाळीपाळीनं बसायचं
आणि बसेल तिनं बोलायचं.

फिलू बसली: वाडीतली विहीर बुजवून
बिल्डरनं तिथे गाड्या उभ्या केल्या,
पावसाळ्यात त्या अजून पाण्यात बसतात म्हणे, बरं झालं.
उज्ज्वला बसली: एका आकड्यापायी अडकलेलं पेन्शन.
मी बसले. काय बोलले आठवत नाही, बहुधा मोतीबिंदू.
दार उघडलं की लसणाचा झोत बाहेर यायचा,
आणि काचेतून आम्ही आतले घास मोजायचो.
तो दाढीवाला सोलकढी पितोय, म्हणजे संपत आलं.
नाही, अजून दोन वडे मागवले.
मेला.

एक पन्नास.
रेणू बसली आणि बोलेचना.
पर्सची चेन उघडली, लावली, उघडली.
मग म्हणाली, पाडव्यापासून मी बदलापूरला असते.
एकटी.

अरविंदचं नाव आम्ही काढलं नाही. तिनंही नाही.
फिलूनं विचारलं, गॅस आहे का?
आहे.
पाणी?
एक दिवसाआड.
उज्ज्वलानं हातातली बाटली तिच्या मांडीवर ठेवली,
जशी काही बदलापूरची तहान
तिथेच भागणार होती.

नेमका तेव्हाच तो ओरडला, "गमे, चार! गमे!"
गमे नावाचं कुणी नव्हतं त्या फुटपाथवर,
गमेनासे झालेले मात्र बरेच होतो.
आणखी एकदा ओरडला, मग खोडलं.
कॉलेजची चार पोरं हसत आत गेली.
मग उज्ज्वला भांडली.
गमरे! र कुठे गेला?
"राहिला, मावशी. पुढचं टेबल तुमचंच."

पुढचं टेबल सहाजणांचं निघालं.
त्यापुढचं आत्ताच बसलेलं.
तो दारातून वाकून विचारायला लागला,
"सिंगल कुणी आहे का? सिंगल?"
आत भिंतीकडे तोंड केलेली एक खुर्ची रिकामी होती.
अख्ख्या रांगेतून एक हात वर झाला नाही.

रेणू बाटलीचं झाकण फिरवत म्हणाली,
आमच्या चौकात एक खानावळ आहे.
संध्याकाळी जाते मी तिथपर्यंत.
पण एकटीला लगेच मिळते गं जागा,
थांबावंच लागत नाही,
म्हणून परत येते.
वरणभात लावते.

ती स्टूलवरून उठली नाही.
कुणी आपली पाळी मागितली नाही.

टेबल मिळालं दोन चाळीसला.
सुरमई संपली होती, बांगडा होता.
बोलायचं ते सगळं बाहेरच बोलून झालेलं,
चौघी माना खाली घालून जेवलो.
तोवर खुर्च्यांमागे पुढची माणसं येऊन उभी,
कुणाची तरी अंगठी
माझ्या पाठीशी, लाकडावर, टकटक वाजत होती.
वेटरनं न मागता बिल ठेवलं, वर बडीशेप.
मी पाकीट काढायला गेले
तर फिलूनं डोळ्यांनी थांबवलं.

रेणू बांगड्याचे काटे काढत होती,
एकेक काटा ताटाच्या कडेला
रांगेत ठेवत, सावकाश,
जसं काही मागे कुणी उभंच नाही.