टाकीवरून

तीन सामन्यांची बंदी लागली आवळे सरांना,
पंचाला 'चष्म्याला वायपर बसवून घ्या' म्हणाले म्हणून.
मैदानाच्या रेषेजवळ फिरकायचं नाही.
तर सर रेल्वेच्या पाण्याच्या टाकीवर चढले,
एकसष्ट पायऱ्या, मध्ये दोनदा बसून,
आणि रेषेवर राहिलो मी,
गुडघ्यात दोन स्क्रू, कानाला त्यांचा फोन.

मिरज जंक्शनच्या केबिनमध्ये
एकतीस वर्षं काढलेला माणूस.
इकडं लिव्हर ओढायचा, तिकडं दूर कुठंतरी
रूळ कूस बदलायचा.
बेळगावची, कुर्डुवाडीची, कोल्हापूरची गाडी,
सगळ्या काड्यापेटीएवढ्या.
"वरनं बघितलं की," म्हणायचे,
"गर्दी नसते रे. नुसत्या वाटा असतात."

तरी आम्हाला शिकवलं ते रेषेवरूनच,
चुना चपलेला लागेल इतकं जवळ उभं राहून.
शनिवारी घसा बसलेला, गालात लिमलेटची गोळी,
आणि शिव्या. त्या इथं लिहीत नाही.

हाफटाइमला गडहिंग्लज एक, आम्ही शून्य.
फोनमध्ये वारा, वाऱ्यात सर :
"डावीकडं रिकामं आहे. खळं पडलंय नुसतं.
बसगोंडाला तिकडं घाल."
मी बघितलं. मला रिकामं काही दिसेना.
मला दिसल्या पाठी, पोटऱ्या,
कुणाचातरी टाचेत फाटलेला मोजा,
आणि बसगोंडा, जो थांबला की
उजवा पाय ठेवत नव्हता, नुसता टेकवत होता,
तापल्या पत्र्यावर टेकवावा तसा.
"सर, त्याचा घोटा गेलाय."
"पळतोय की!"
"पळतोय. थांबता येत नाहीये."

वरून बराच वेळ नुसता वारा.

मग सामना सुरू असताना, फोनवर,
एकोणनव्वद सालची गोष्ट काढली त्यांनी :
"बोर्डावर लाईन मोकळी. खिडकीतनंही मोकळी.
लिव्हरला हात घातला, तर खाली पॉइंट्समन दस्तगीर
लाल झेंडी घेऊन नाचतोय येड्यासारखा.
मी वरनं त्याची आई काढली.
रुळाच्या फटीत खडी अडकलेली. लिंबाएवढी!
ती खिडकीतनं कशी दिसणार?"
"मग?"
"मग काय. गाडी सतरा मिनिटं लेट."
"सर, आत्ता काय करू?"
"ते तू सांग. झेंडी तुझ्याकडं आहे."

तेवढ्यात मैदानाला खेटून मालगाडी आली,
बावन्न डबे, फोनमध्ये नुसती धडधड.
मी बसगोंडाला बाहेर बोलावलं.
तो आला, पण माझ्याकडं बघेना.
आणि त्या जागेत, जी मला अजूनही दिसत नव्हती,
सोळा वर्षांच्या तौसीफला पाठवलं.
"डावीकडं जा. तिथं काहीतरी आहे."
"काय आहे?"
"सरांना माहीत."
पोरगं गेलं. चेंडू त्याच्याआधीच
तिथं जाऊन वाट बघत असल्यासारखा.

एक-एक झालं.
पुढं टायब्रेकरला हरलो. ते सोडा,
टायब्रेकर टाकीवरून सुटत नाही नि रेषेवरूनही नाही,
तिथं पोरगं एकटं असतं.

सर खाली आले अंधार पडता पडता,
कठड्याला धरून, उलट्या पावलांनी.
बसगोंडा बर्फाच्या पिशवीवर पाय टाकून बसलेला.
त्याच्या पुढ्यात ते उकिडवे बसले,
मोजा सोलून काढला,
घोटा दोन्ही हातांत घेऊन फिरवला, हळू,
मग आणखी हळू.
"इथं?"
"हं."
"आणि इथं?"
तो बोलला नाही, ओठ दाबले त्यानं.

माझ्याकडं न बघता सर म्हणाले,
"बंदी संपली की एक दिवस तू चढ वर.
स्क्रू दुखतील.
पण एकदा बघून ये,
किती रिकामं असतं."