लांब शेपटीची

सायन्ना गुंडेटीकडे पाच आहेत,
वीतभर लांबीच्या,
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात, बॉबिनांच्या मागं,
नापास टॉवेलांत गुंडाळलेल्या.

शर्यतीत उतरायचं तर नियम होता म्हणे:
आधी पंचवीस रस्त्यावरच्या बनवा,
नंबरप्लेट लावून दाखवा.
"सॅम्पल पास झालं की मगच ऑर्डर.
आपलंबी तेच की."

रुंद पंखाची, बिनपंखाची,
उजव्या स्टिअरिंगची,
पावसाळी टायरांची,
एक नुसतीच काळी, रंग चढायच्या आधीची.

लांब शेपटीची नाही.
तिच्यासाठी एक टॉवेल त्यानं
चार बोटं जास्त विणून ठेवलाय.

लाइट गेली की माग थांबतात.
तेव्हा तो काळीला फळीवरून हळूच ढकलतो.
तोंडानं आवाज काढत नाही.
चाकांचा येतो
तेवढाच ऐकतो.