कल

गेल्या ऑक्टोबरात सँडसेंडला
एकवीस मुलं शेलच्या कड्याखाली गेली
आणि रोवेना मिनीबसमध्ये राहिली.
कारपार्कमागे सदतीस पायऱ्या,
तिची चाकांची खुर्ची मागच्या सीटांत आडवी बांधलेली.
मी म्हटलं, फोटो आणतो आम्ही, भरपूर.
हीटर चालू ठेवला, चीजचं सँडविच दिलं
आणि मला बरं वाटलं,
हेही नोंदवून ठेवते.

दोन तासांनी परतलो, चिखलानं थोर झालेले.
कुणाच्या हातात अमोनाइट, कुणाचा गुडघा खरचटलेला,
सगळ्यांच्या तोंडी एकच विनोद,
जो तिला सांगून कळला नसता.

तिच्या वहीत कडा होता,
काचेतून दिसला तेवढा:
वर पिवळट माती, खाली करडे थर,
एका थराचा समुद्राकडे कल,
आणि कोपऱ्यात, नियमाप्रमाणे, माप:
एक वायपर.

दोन गुण कापले मी.
लाल शाईनं लिहिलं, माप खडकापाशी असावं.
डिसेंबरात वही पुन्हा गठ्ठ्यातून आली.
माझ्या वाक्याखाली पेन्सिलीनं, बारीक अक्षरात:
मीही.

भूशास्त्र म्हणजे पाय, असंच मला शिकवलेलं.
आंबेनळी घाटात, वर्गात एकटी मुलगी,
भावाचे बूट, पुढे मोजे कोंबलेले,
सकाळपासून पाण्याचा थेंब नाही,
कारण झुडपामागे जायचं तर कुणाला सांगून जायचं?
संध्याकाळी सर म्हणाले, हिच्यात दम आहे.
ती शाबासकी वीस वर्षं जपली
आणि तहान विसरले.

मार्चात एकटीच गेले, हातोडा घरी ठेवून.
फाटक मोजलं: एकाहत्तर सेंटिमीटर. खुर्ची अडकते.
शौचालयाच्या किल्लीसाठी कौन्सिलच्या गॅरेथला तीन फोन.
भरती-ओहोटी पाहिली नेहमीसारखी,
पण या वेळी हेही,
की ओली वाळू किती वेळ घट्ट राहते.
मग नावा उतरवायच्या धक्क्यावर
क्लिनोमीटर टेकवला,
ज्यानं आजवर फक्त खडकांचा कल मोजला.
पाच अंश. जमेल.
अठरा वर्षांच्या मुलीचा कल कुठं होता
ते तर तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
उपकरणाशिवाय.

या ऑक्टोबरात सगळेच धक्क्यावरून उतरलो.
पायऱ्या कुणीच घेतल्या नाहीत.
इथला थर जरा कमी देखणा,
दोघांनी कुरकुर केली, मी करू दिली.
इद्रिसनं काठी वाळूत रोवली, तिचंच माप धरलं,
आणि तिच्याशेजारी टेकून बसला,
दम लागला म्हणून, उघडपणे.

रोवेना नव्हती.
तिनं जानेवारीतच संख्याशास्त्र घेतलं.
लिफ्टपाशी भेटते कधी, हसते,
विचारते, कडा कसा आहे?
झिजतोय, मी सांगते,
वर्षाला काही सेंटिमीटर.