सेट पॉइंट

नवतपाचा तिसरा दिवस. अजनीच्या यार्डात
पत्र्याला हात लावायची सोय नाही,
आणि शालिकराम टेंभुर्णे दुपट्ट्याची घडी मध्ये धरून
एका पांढऱ्या डब्याला कान लावून उभा.
आत उणे अठरा. बाहेर सेहेचाळीस.
मध्ये चार बोटं फोम.
'चालून राहिला,' तो म्हणतो, कॉम्प्रेसरबद्दल,
आणि पुढच्या डब्याकडे वळतो.

माझं काम सावलीतलं.
परत आलेल्या डब्यांच्या पोटातून
प्रवासाची नोंद उतरवून घ्यायची,
तासाला एक आकडा,
कुणी भांडलं तर दाखवायला.
भांडतातच.

मार्चमध्ये मृग बहराची संत्री गेली होती, काटोलकडची,
चोवीस हजार किलो, अधिक पाचवर.
तोडलेलं संत्रं मेलेलं नसतं, हे मला इथे आल्यावर कळलं.
ते श्वास घेतं, ऊब सोडतं,
म्हणून डब्याचा झरोका उघडा ठेवतात,
किती उघडा, तेही लिहून द्यावं लागतं.
आपण त्याला थांबवत नाही.
फक्त सांगतो, जरा हळू,
एवढं पाणी ओलांडेपर्यंत
हळू म्हातारं हो.

आता व्यापाऱ्याचं पत्र आलंय. माल सडला. जबाबदार कोण?
साहेबांनी विचारलं, निघताना डबा तपासला कुणी?
सही टेंभुर्णेची.

मी त्याला कागद उलगडून दाखवला.
कॉइलवरचा बर्फ वितळवायला यंत्र दर सहा तासांनी
थोडं गरम होतं, मग पुन्हा गार.
रेघ चढते, उतरते, चढते, उतरते,
टेबलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.
समुद्र आम्ही दोघांनी एवढाच पाहिलाय.

अकराव्या रात्री रेघ वेगळी.
दोन वाजून दहा ते दोन त्रेपन्न, वीज नाही.
'समुद्रात कोण लावते मॅडम, प्लग?'
म्हटलं, असतो एक माणूस. हातात बॅटरी, यादी,
रात्रीचा शिडीवरून फिरतो.
'एकटाच? डबे किती?'
'सहाशे असतील.'
'मंग झोपला असन बाप्पा.'
खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात गेला.
त्याने रेघेवर बोट ठेवलं,
जिथे ती पुन्हा खाली वळते तिथे.
'नाई. झोपला नाई. चढला न तो.
त्रेचाळीस मिनिटात हुडकला त्यानं.
पाय ओले असन त्याचे.'

चूक शेवटच्या पानावर होती.
जहाज लागलं, डबा उतरला, परक्या धक्क्यावर,
दिवसाढवळ्या, पक्क्या जमिनीवर,
आणि एकतीस तास कुणी आलंच नाही.
पाच, नऊ, चौदा, बावीस.
पुढे मी आकडे वाचले नाहीत.

हे सगळं मी पत्रात लिहिलं, साहेबांकडे दिलं.
ते गेलं की फाइलमध्ये बसलंय, ठाऊक नाही.
टेंभुर्णेने एक झेरॉक्स मागितली,
शेवटच्या पानाची नाही, अकराव्या रात्रीची.
कशाला, मी विचारलं नाही.

संध्याकाळी सात चाळीसला गाडी लागते.
उणे अठरावाला डबा वर चढतो,
आणि यार्डाचा प्लग तो स्वतः ओढतो.
मग तसाच उभा राहतो, केबल हातात,
ओठ हलताना दिसतात,
चार, पाच, सहा,
डिझेल अजून पकडत नाहीये,
नऊ, दहा,
वर्धेच्या बाजूचा सिग्नल हिरवा,
बारा