टळलेल्या घटना : संख्या

मार्च संपायला नऊ दिवस,
आणि दुसरा हप्ता अजून मुंबईच्या कुठल्यातरी टेबलावर.
विडी घरकुलातल्या आमच्या खोलीत
पंखा आहे, वायर नाही.

पहिल्या हप्त्यात आले ते असे :
कॅरम दोन, सोंगट्या एकाच्याच,
'हिंसामुक्त युवा' लिहिलेला फ्लेक्स,
त्यावर साहेबांचा फोटो, मुलांहून मोठा,
आणि समुपदेशक म्हणून मी, अर्ध्या पगारावर.
लेखापरीक्षकांनी आक्षेप घेतलाय
चहाच्या अकरा कपांवर.

उपयोगिता प्रमाणपत्राच्या शेवटच्या पानावर एक रकाना आहे :
टळलेल्या घटना – संख्या.

मी पेन उघडून बसते.

त्या मंगळवारी बालकिशन आला
लूमच्या पाळीवरून थेट, भुवयांवर कापसाचा भुगा,
डावा हात कमरेवरून हलेना.
'काय बे, बस की,' म्हणाला इरण्णा,
ज्याला काहीच ठाऊक नव्हतं.
बसला. राणी घेतली, कव्हर चुकलं.
पुन्हा डाव लावला.

मी समुपदेशन वगैरे केलं नाही, खरं सांगते.
अर्धी कडक भाकरी, वर शेंगाचटणी, पुढे सरकवली.
अशोक चौकात सगळ्यांदेखत
त्याला कुणी कानफटवलं, ते विचारलं नाही.

साडेअकराला डावा हात सुटला.
टेबलावर ठेवला तो :
लूमची पट्टी घासून केलेला सुरा,
मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली.
'राहू दे इथं. उद्या नेतो.'

उद्या आला. नेला नाही.

आता ड्रॉवरमध्ये आहे, पावतीबुकाखाली.
त्याची पावती मी फाडलेली नाही.

आईला विचारलं, काय लिहू.
ती विड्या वळत होती, हजाराला चाळीस कमी.
छाट निघालेल्या तेवढ्या कारखान्यात नीट मोजतात,
त्यांची मजुरी मिळत नाही.
मान वर न करता म्हणाली,
'थोरला त्या रात्री घरी आला असता
तर मी काय लिहून ठेवलं असतं गं?
वाढलं असतं.'

ऑफिसातून फोन : मॅडम, रकाना रिकामा चालत नाही.
शून्य टाका, नाहीतर शंभर.

मी 'एक' लिहिते. अक्षरी पण.
आक्षेप येईल : पुरावा जोडावा.
ड्रॉवरला कुलूप लावते.

बाहेरून कुणीतरी ओरडतं,
ताई, पावडर संपली.
पावडर अंदाजपत्रकात नाही.
पाकीट काढते, चप्पल शोधते.